घारापुरी, सोमवार सोडून

मी छापून आणलेला कागद आबांनी आधी वाचलाच नाही. उन्हात धरला. उलटा करून मागची बाजू बघितली. तिथं काही नव्हतं. मग चष्मा चढवून दोन ओळी वाचल्या आणि मला विचारलं, "हे कुणी लिहिलंय?"

"सरकारनं."

"सरकारनं म्हंजे कुणी?"

कागदावर एवढंच होतं की घारापुरीची लेणी दर सोमवारी बंद असतात. आणि आबांनी आमच्या सहलीसाठी नेमका सोमवारच धरला होता. लेणी महादेवाची, महादेवाचा वार सोमवार, त्यांचा उपास सोमवारचा. त्यांच्या डोक्यात दुसरा वार आलाच नव्हता.

"मास्तर," आबा म्हणाले, "आख्ख्या मुलखात महादेवाच्या देवळात सोमवारी पाय ठेवायला जागा नसती. आन् तेवढंच एक देऊळ सोमवारी कुलूप लावून बसतंय व्हय?"

आतून आक्का ओरडल्या. आक्का म्हणजे आबांची बायको. "मग उरलेलं सहा दिवस कुणासाठी उघडं ठेवत्यात?"

"आक्का, ते देऊळ न्हाय. पुरातत्त्व खात्याचं हाय."

"पुजारी न्हाय?"

"न्हाय."

"निवद न्हाय?"

"न्हाय."

"मग देव तिथं ऱ्हायलाय कशाला?"

आबा हसले नाहीत. त्यांनी कागदाची चौपदरी घडी घातली, बंडीच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "बघू." आमच्याकडं 'बघू' म्हटलं की समजायचं, समोरच्याला पटलेलं नाही आणि त्याला तोंडावर सांगायचंही नाही.

आबा आमच्या शेजारचे. दोन्ही घरं शिरोळ तालुक्यातल्या एकाच गावची. महापुरानंतर वर्षभराच्या अंतरानं आम्ही कोल्हापुरात आलो, आणि आता भिंतीला भिंत आहे. गावात तसं नव्हतं. त्यांचं घर गावात, आमचं ओढ्यापलीकडं. ते शेतकरी, आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीनं दीक्षा घेतली, पण ओढा जिथं होता तिथंच राहिला. आबांनी शेतीबरोबर गावच्या दूध संस्थेत तीस वर्षं टेस्टरचं काम केलं. लोकांनी आणलेल्या दुधात लॅक्टोमीटरची काच बुडवून पाणी किती ते बघायचं, फॅट काढून वहीत लिहायची. त्या सवयीनं समोर आलेली कुठलीही गोष्ट ते आधी उजेडात धरतात.

मी हायस्कूलला इतिहास शिकवतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. ज्यांच्या घरात तीन पिढ्यांच्या पदव्या भिंतीवर टांगलेल्या आहेत त्यांना ते ऐकताना कसंतरी होतं. होऊ दे.

घारापुरीला जायचं ठरलं ते आईमुळं, आणि आईच्या डोक्यात ते शिरलं माझ्यामुळं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मला प्राचीन कलेचा पेपर होता. मोठ्यानं वाचल्याशिवाय माझं पाठ होत नाही. आई चुलीपुढं भाकरी थापत होती आणि मी दारात बसून घोकत होतो: मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर शैव लेणी आहेत, आणि पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत. आईचा हात परातीतच थांबला.

"कशाचं?"

"विटांचा स्तूप. बौद्धांचा."

"किती जुनं?"

"दोन हजार वर्षांच्या वर."

"खोटं हाय," ती म्हणाली आणि पुन्हा थापायला लागली.

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. भांगलणीचं काम संपलं की आई दर उन्हाळ्यात नदीकाठच्या वीटभट्टीवर जायची. चिखल तुडवणं, साच्यात भरणं, वाळवणं, डोक्यावरून भट्टीत रचणं, हे सगळं तिनं केलेलं. "दगडाचं म्हणशील तर मानते," ती म्हणाली, "वीट न्हाय टिकत. आमच्या हातची वीट दोन पावसाळं उघड्यावर पडली की माती हुती. त्या पुस्तकवाल्यानं कधी वीट उचलली न्हाय."

त्या पेपरात मला चांगले गुण पडले. आईनं मुद्दा मान्य केला नाही. पुढं माझं लग्न झालं, नोकरी लागली, ती मुलांना मांडीवर घेऊन बसायला लागली, तरी अधूनमधून विचारायची, "ते विटांचं कुठं हाय म्हणालतास?" ऐकून घ्यायची आणि मान हलवायची. तिच्या लेकानं जन्मभर पुस्तकं वाचली, त्यातली एक गोष्ट तिच्या धंद्यातली निघाली आणि तीच तिला खोटी वाटत होती. मला ते लागायचं. सांगत नव्हतो, पण लागायचं.

या पावसाळ्यात तिचा उजवा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, आत्ता थोडंफार चालतील, पुढच्या वर्षीचं आत्ता सांगता येत नाही. दवाखान्यातून येताना रिक्षात ती आपणहून म्हणाली, "थंडीत ते विटांचं बघून येऊ या."

"नावेतनं जावं लागतंय," मी म्हणालो.

तिनं रिक्षाचा दांडा घट्ट धरला. मग म्हणाली, "आबा असंल तर बसते."

हे का, ते मला ठाऊक होतं. महापुरात पाणी आमच्या पत्र्याला लागलं तेव्हा मी कोल्हापुरात अडकलो होतो, रस्ते बंद होते. वस्तीवरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना शाळेच्या गच्चीवरून नावेत घेतलं, तेव्हा नाव कलंडायला लागली. आई पाण्याकडं झुकली. तिचं मनगट धरलं ते नावेवर मदतीला आलेल्या आबांनी. पलीकडं पोचेपर्यंत सोडलं नाही. त्यानंतर ती कुठल्याच नावेत बसली नाही. नृसिंहवाडीला गेलो तर घाटाच्या शेवटच्या चार पायऱ्या ती उतरत नाही.

म्हणजे गोष्ट सरळ होती. आबा आले तर आई येणार. आबा नाही तर नाही. आणि गुडघा काही थांबणार नव्हता.

तयारीला मी लागलो. आधी स्टँडजवळच्या सहलीवाल्याकडं गेलो. भिंतीवर पांढऱ्या जहाजाचं चित्र. "सगळं आमच्यावर सोडा, पावणं," तो म्हणाला. हे वाक्य ऐकलं की मी खुर्चीत जरा सरकून बसतो. मी विचारलं, "पूर्वेकडची टेकडी दाखवता का?" म्हणाला, "सगळ्या टेकड्या धरूनच हाईत." "स्तूप?" "स्तूपाजवळ फोटो काढायला वेगळा वेळ ठेवलाय." त्याला स्तूप कशाला म्हणतात तेही माहीत नसावं. मी चहा न घेता उठलो.

मग ओळखीतून तिथल्या एका गाइडचा नंबर मिळवला. तो म्हणाला, "मुख्य लेणी बघा की. तिकडच्या टेकडीवर पायवाट हाय, गवत हाय, माकडं हाईत. तिकडं बघायला काय न्हाय. आन् सोमवारी येऊ नका, बंद असतं." त्याचं बोलणं खरं की तिकडं चढायचा कंटाळा म्हणून, हे कळेना. म्हणून दुसऱ्या एका गाइडला फोन केला आणि पहिल्यानं काय सांगितलं ते न सांगता सगळं पुन्हा विचारलं. तोही सोमवारी बंदच म्हणाला. पायऱ्या सव्वाशेच्या आसपास, ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात, हेही त्यानं सांगितलं.

डोलीचं आईला सांगितलं तर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी विषय बदलला. "चार माणसांच्या खांद्यावर? जित्तेपणी?" ती म्हणाली. "जन्मभर मी वझं वाह्यलंय. मी कुणाला वझं व्हायची न्हाय."

एवढं सगळं करून मी सरकारी संकेतस्थळावरचा कागद छापला, आणि तो आबांनी उन्हात धरला.

दोन दिवसांनी कट्ट्यावर मी पुन्हा विषय काढला. "आबा, मंगळवारी जाऊ की."

"मंगळवार माझा न्हाय."

"पण सोमवारी बंद हाय."

"असं तुझा कागद म्हणतोय."

आक्का मिरच्यांची देठं काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सोमवारी आमचंच बंद असंल. तुमचं त्या टेकडीवरचं असंल की उघडं."

आबा त्यांना म्हणाले, "गप गं." पण ते बोलून झालं होतं. तुमचं, आमचं.

मी घरी आलो. जेवण गेलं नाही. आबा तोंडानं काही म्हणाले नव्हते, पण मला त्यांचं मन दिसायला लागलं. याला महादेव नको, उपास नको, याला आपला स्तूप बघायचाय, म्हणून यानं सोमवार मोडायला कागद आणला. असंच त्यांना वाटत असणार. मी हा वास ओळखतो. कॉलेजात पहिल्या वर्षाला मी निबंध लिहून दिला तर शिकवणाऱ्यांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं, "हे तूच लिहिलंस का?" दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. तेव्हापासून माझ्या कागदाकडं कुणी जास्त वेळ बघितलं की माझे कान तापतात. बायको म्हणाली, "तुमास्नी सगळीकडं तेच दिसतंय." दिसतं. असतं म्हणून दिसतं.

गुरुवारी शाळेची प्रश्नपत्रिका काढायला झेरॉक्सवाल्याकडं गेलो. तो म्हणाला, "सर, घारापुरीला निघालाय म्हणं."

"तुला कुणी सांगितलं?"

"आबा आलते. म्हणाले, ते बेट आठवड्यातनं कवा बंद असतंय ते तुझ्या मोबाइलवर बघ. मी म्हणलं, सर तुमच्या शेजारीच हाईत की, त्यांनाच इचारा. तर म्हणाले, मी आलतो हे त्याला सांगू नको." मग त्याच्या लक्षात आलं की आपण सांगून बसलो. "तुम्ही बी सांगू नका हां, सर."

तिथून शाळेत गेलो तर शिक्षक खोलीत आमचे खेळाचे सर पाय पसरून बसले होते. मोठ्यानं म्हणाले, "काय हो, तुमच्या शेजारच्या म्हाताऱ्याचा फोन आलता. घारापुरी कुठल्या वारी बंद म्हणून. इतिहासाचा मास्तर शेजारी ठेवून माणूस पीटीच्या मास्तरला इचारतोय!" सगळे हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार.

घरी जाऊन मी चपला न काढताच आईला सांगितलं, "आबांच्या संगं जायचं न्हाय. घारापुरी रद्द."

आई मेथी निवडत बसली होती. "का?"

सगळं सांगितलं. माझ्या शाळेत, माझ्या मागं, माझा शब्द तपासायला फोन केला, हे दोनदा सांगितलं. ती मुळं तोडत ऐकत होती.

"कितीजणांना इचारलं?"

"दोघं मला ठाऊक हाईत."

"तिसरा असंल," ती म्हणाली. "तीन घेतोय त्यो."

"काय तीन?"

"सॅम्पल. शंका आली की तीन घ्यायचा. एक वरचं, एक मधलं, एक तळाचं. ज्याचं दूध त्याला कळू द्यायचा न्हाय कवा घेतलं."

"आई, मी दूध न्हाय."

"बस खाली," ती म्हणाली. मी बसलो.

तेव्हा तिनं मला जे सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या जन्माआधी आज्जीनं एक म्हैस घेतली होती. आई सकाळी किटली घेऊन संस्थेत जायची. आबांच्या आधी दुसरा टेस्टर होता. तो आईला लायनीच्या शेवटी उभी करायचा आणि लांबूनच दूध ओतायला लावायचा.

"काच आमच्या किटलीत बुडवायचा न्हाय," ती म्हणाली. "सगळ्यांच्यात बुडवायचा, आमच्यात न्हाय. फॅट आपल्या मनानंच लिवायचा. सगळ्यात कमी. म्हस व्यालेली असू दे न्हाय तर आटत आलेली असू दे, रोज तेवढीच."

"मग तुम्ही काय केलं?"

"मग तुझी आज्जी पाणी घालाय लागली."

मी बघतच राहिलो. दर पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून वंदनेला बसणारी माझी आज्जी.

"बघू नको असा. तपासणारच न्हाय म्हणल्यावर घालू नको तर काय?" आईनं मेथीची जुडी झटकली. "मग त्यो टेस्टर गेला आन् आबा आला. पैल्याच दिवशी माझी किटली म्होरं वढली आन् काच बुडवली. सगळ्यांच्यात बुडवत आलेली तीच काच. आमचं बघून झाल्यावर धुतली बी न्हाय, तशीच मागनं आलेल्याच्या किटलीत घातली. त्यो माणूस वरडला. आबा म्हणाला, नको असंल तर तुझं दूध घरी ने. आन् मग माझ्याकडं बघून सगळ्या लायनीपुढं वरडला, वैनी, पाणी हाय ह्यात, माघारी न्या!"

"आणि तू?"

"आणली की माघारी. लाजंनं मान वर हुईना. घरात येऊन सांगितलं तर म्हातारीला राग यायच्या जागी हसू आलं. म्हणाली, बुडवली का गं काच? मी म्हणलं, बुडवली. दुसऱ्या दिवसापासनं पाणी बंद."

पण माझंही डोकं आहे. "आई, तेव्हाची गोष्ट तेव्हा. त्यांनी मला तोंडावर इचारायचं. माझ्या शाळेत कशाला?"

"ते चुकलं त्याचं," ती लगेच म्हणाली. "पर तू बी पैल्या गाइडनं सांगितलेलं दुसऱ्याला न सांगता इचारलंसच की."

"ते अनोळखी हुते."

"पाणी वळखीचीच माणसं घालत्यात."

शनिवारी दुपारी आबा आमच्या दारात आले. हातात माझाच चौपदरी कागद. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं. उंबऱ्यातूनच बोलायला लागले. "तिघांना इचारलं. दोघं म्हणाली सोमवार बंद. एकजण म्हणाला मंगळवार बंद. कोण ते सांगत न्हाय, पर त्याच्यावर इसंबून ऱ्हाऊ नको, न बघता बोलतंय ते."

झेरॉक्सवाल्यानं मोबाइलवर बघितलं होतं. खेळाच्या सरांनी बघितलं नसणार. मला मनातून बरं वाटलं, हे लपवत नाही.

"म्हंजे तुझा कागद खरा हाय," आबा म्हणाले. "मंगळवारी जाऊ."

आईला वाटलं संपलं. ती चहा टाकायला उठली. मी नाही उठलो. "आबा, एक इचारू? माझ्या जागी तुमच्या भावकीतला कोण शिकलेला असता, तर त्याच्या शाळेत फोन लावला असता काय?"

आबा चपला काढत होते. एक पाय चपलेतच राहिला. "माझ्या मेव्हण्याचा आख्खा कॅन मी माघारी लावलाय. दोन वर्सं सासरवाडीत मला कुणी जेव म्हणलं न्हाय. इचार तुझ्या आक्काला."

"ते दूध झालं. मी माझं इचारालोय."

स्वयंपाकघरात आईच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. आबांनी दुसरी चप्पल काढली, भिंतीला नीट लावून ठेवली.

"लावला असता असं वाटतंय," ते म्हणाले. "खात्रीनं न्हाय सांगता येत मला. कवा तशी येळ आली न्हाय." मग थोड्या वेळानं, "शाळंत लावाय नको हुता. तेवढं चुकलं."

त्यांनी देवाची शपथ घेतली असती तर मी विश्वास ठेवला नसता. 'वाटतंय' म्हणाले म्हणून थोडा ठेवला. सगळा नाही. अजूनही सगळा नाही.

"आन् सोमवारचा उपास?" आईनं आतून विचारलं.

"गाडीत धरतो. सोमवारी निघायचं, मंगळवारी पोचायचं. वाटंत असलेला माणूस देवाला दिसतोय की."

तर मंगळवारी सकाळी आम्ही चौघं गेटवेच्या धक्क्यावर उभे होतो. समुद्राला वास होता आणि तो आमच्या नदीच्या वासासारखा नव्हता. आई एका जागी खिळली. आबा आधी एकटे चढले. फळीवर पाय आपटून बघितलं. वर लावलेली जॅकेटं मोजली, बाकावरची माणसं मोजली, मग नाववाल्याला विचारलं, "ह्यापेक्षा जास्ती घेतासा काय?" तो म्हणाला, "आजोबा, बसा हो." आबा बसले नाहीत. आणखी दोन बाक बघून आले, मग फळीशी येऊन हात पुढं केला. आईनं बोटं दिली नाहीत, मनगट दिलं. तासभर तिनं डोळे मिटलेलेच होते. उतरल्यावर आबांच्या हातावर तिच्या नखांचे चार वण होते आणि आक्का ते बघून म्हणाल्या, "माझ्या लग्नात बी एवढं घट्ट धरलं नव्हतं मी."

पायऱ्या आई स्वतःच्या पायानं चढली. वीस चढायच्या, बसायचं. डोलीवाले बराच वेळ मागं मागं आले, मग कंटाळून दुसरीकडं गेले. लेण्यातल्या त्या भल्यामोठ्या तीन तोंडांच्या मूर्तीपुढं आबा हात जोडून उभे राहिले, ते हललेच नाहीत. आक्कांनी पिशवीतून कोल्हापूरहून आणलेली बेलाची पानं काढली. पहारेकऱ्यानं नुसती मान हलवली. आक्कांनी पानं परत पिशवीत ठेवली आणि मला म्हणाल्या, "खरंच कुणी पुजारी न्हाय की रं." त्यांच्या आवाजात मला पहिल्यांदाच थोडी माफी ऐकू आली, किंवा मला तसं ऐकायचं होतं.

पूर्वेकडच्या टेकडीच्या पायथ्याला आईचा गुडघा वळेना. ती एका दगडावर बसली. वर बघितलं. पायवाट गवतात शिरत होती. आक्का तिच्याशेजारी टेकल्या.

"मला न्हाय व्हायचं," आई म्हणाली. "तुम्ही दोघं जावा."

एवढं करून ती खालीच राहणार, हे मला पटेना. मी म्हणालो, डोलीवाल्याला बोलावतो. तिनं हातानंच मला वर जायची खूण केली.

आबा आणि मी चढलो. वर मातीचा उंचवटा, त्यावर गवत, आणि एका बाजूला माती ढासळली होती तिथं विटांच्या कडा. लाल. एकावर एक. गाइड म्हणाला होता बघायला काही नाही. ज्याला तो 'काही नाही' म्हणाला होता ते माझ्यासमोर होतं आणि मी दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी असल्यासारखा उभा होतो. मी हात जोडले. मग फोटो काढले. आबा गुडघ्यावर हात ठेवून वाकले होते, एका फुटक्या विटेजवळ तोंड नेऊन बघत होते. हात लावला नाही.

खाली आलो. मी आईसमोर फोन धरला. तिनं तो बाजूला सारला. "फोटोत वीट केवढी ते कळत न्हाय. हातानं दाखव."

मी दोन्ही हात पसरून लांबी दाखवली. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत असते त्याहून थोडी कमी. "पाणी संपलंय, घेऊन ये," म्हणाली. तिच्या पिशवीतली बाटली अर्धी भरलेली मला दिसत होती.

मी गेलो. दुकानापाशी जाऊन वळून बघितलं. आबा तिच्यासमोर उभे होते, दोन्ही हात पसरून. हात जरा जवळ घेतले, जरा लांब केले, मग थांबले. मी एवढ्या लांबून अंदाज घेतला. माझ्याएवढेच होते.

पाणी घेऊन परत आलो. "आता तिसरं सॅम्पल कुणाचं?" मी विचारलं. आबांनी दुसरीकडं बघितलं.

"नको तिसरं. जुळलं," आई म्हणाली. "पर एवढी मोठी वीट आतनं कच्ची ऱ्हाती. आमच्यात बारकी असून ऱ्हायची. तू आत बघितलंस?"

फुटक्या विटेच्या आत बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आबा म्हणतोय आतनं बी लाल हाय. गाभ्यापातुर," ती म्हणाली. टेकडीकडं बघत ती बराच वेळ बसली, डोक्यावर वीट असताना धरायची तशी मान ताठ. मग मनगट आबांच्या पुढं केलं, उठायला.

"मग टिकंल," ती म्हणाली. "पुस्तकवाल्यानं बघून लिवलंय."